'खरे मानणे' आणि 'विश्वास ठेवणे' : ख्रिस्ती तारणविचारातील एका प्रश्नाची भाषिक बाजू

ख्रिस्ती धर्मचिंतनात ज्या प्रश्नांचा निकाल अद्याप एकमताने लागलेला नाही, त्यांपैकी एक प्रश्न असा : ज्या विश्वासाने मनुष्य तरतो असे हा धर्म सांगतो, तो विश्वास म्हणजे काही विधानांना बुद्धीने दिलेली संमती होय, की त्याहून अधिक काही? देव एक आहे, येशू हा त्याने पाठविलेला ख्रिस्त आहे, तो वधस्तंभावर मेला आणि पुन्हा उठला, ही विधाने सत्य आहेत असे एखाद्याने प्रामाणिकपणे मान्य केले, तर तेवढ्याने तो विश्वासी झाला असे म्हणावयाचे काय? आणि तेवढ्याने झाला नसेल, तर आणखी काय हवे, आणि ते 'आणखी' कोणत्या शब्दाने सांगावयाचे?

हा प्रश्न ईश्वरविद्येचा आहे, भाषाशास्त्राचा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप निम्मा खरा आहे. तारण कशाने होते हे सांगण्याचा अधिकार भाषाशास्त्राला नाही, आणि प्रस्तुत लेखकाला तर मुळीच नाही. परंतु या वादातील दोन्ही पक्ष आपली प्रमाणे शब्दांतून काढतात; क्रियापदाचा अर्थ, अव्ययाचा उपयोग, धातूची व्युत्पत्ती यांचा आधार घेतात. ती प्रमाणे कितपत टिकतात हे पाहणे आपल्या शास्त्राचे काम होय. शिवाय मराठीपुरते बोलावयाचे तर हा प्रश्न चारशे वर्षे अनुवादकांच्या समोर उभा आहे, आणि त्यांनी निवडलेल्या शब्दांत त्याची वेगवेगळी उत्तरे नकळत दडलेली आहेत.

प्रथम वादाचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात अब्राहामाचा दाखला दिला आहे : अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तोच त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून जमा झाला, कर्म नव्हे, विश्वास. उलट याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सुनावले आहे की देव एक आहे असे तू मानतोस हे ठीकच. पण भुतेही ते मानतात आणि थरथर कापतात. येथे एक पेच उभा राहतो. विश्वास म्हणजे केवळ संमती म्हटली तर ती भुतांनाही आहे. मग ती तारक कशी? विश्वासात प्रेम, आज्ञापालन, आत्मसमर्पण इत्यादी घातले, तर विश्वास हेही एक पुण्यकर्मच ठरते, आणि कर्माने नव्हे तर विश्वासाने, हे पौलाचे सूत्र आतून पोखरले जाते.

या पेचातील पहिली वाट निःशंकपणे पत्करणारा लेखक म्हणजे स्कॉटलंडचा रॉबर्ट सँडेमन (१७१८-१७७१). १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या पत्ररूप ग्रंथात त्याने असे प्रतिपादिले की तारक विश्वास म्हणजे प्रेषितांच्या साक्षीला बुद्धीने दिलेली साधी संमती, त्याहून तसूभरही अधिक नाही. त्यात हृदयाची ओढ, इच्छेची हालचाल, असे काहीही मिसळले की मनुष्य ख्रिस्ताच्या कार्यावर न विसंबता स्वतःच्या मनाच्या अवस्थेवर विसंबू लागतो, असे त्याचे म्हणणे होते. हा पंथ लहानच राहिला. (विद्युत्शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे याच पंथाचा होता, एवढ्यावरून तो अडाण्यांचा पंथ नव्हता हे दिसेल.) सँडेमनच्या मताचे सविस्तर खंडन १८१० साली अँड्र्यू फुलर याने केले. मराठी वाचकाला फुलरचे नाव अपरिचित असले तरी त्याचे कार्य अपरिचित नाही : १७९२ मध्ये स्थापन झालेल्या ज्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीने विल्यम कॅरीला हिंदुस्थानात पाठविले, तिचा तो पहिला चिटणीस. फुलर इंग्लंडात 'केवळ संमती'चे खंडन छापीत असताना श्रीरामपुरास कॅरी आणि त्याचे पंडित मराठी नव्या कराराची सिद्धता करीत होते. तो १८११ मध्ये छापून निघाला. फुलरचे उत्तर थोडक्यात असे : विश्वासात हृदयाचा सहभाग आहे खराच, परंतु विश्वास तारतो तो स्वतः सद्गुण आहे म्हणून नव्हे, तर तो मनुष्याला ख्रिस्ताशी जोडतो म्हणून. भिक्षेकऱ्याने हात पुढे केला यात हाताचे पुण्य नाही. पण हात पुढे करणे म्हणजे भिक्षेचे अस्तित्व मान्य करणे एवढेच, असेही नाही.

आता मराठीकडे वळू. आपल्या भाषेत या प्रश्नाला लागू पडणारी क्रियापदांची एक उतरंड आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. 'कळते पण वळत नाही' ही म्हण सर्वश्रुत आहे. 'कळणे' आणि 'वळणे' यांच्या मध्ये मराठीने आणखी एक क्रियापद ठेवले आहे : 'पटणे'. गोष्ट कळते, मग पटते, मग माणूस वळतो, किंवा वळत नाही. प्रोटेस्टंट पंडितांनी सतराव्या शतकात विश्वासाचे जे तीन घटक लॅटिनमध्ये सांगितले, म्हणजे नोतितिआ अथवा ज्ञान, आस्सेन्सुस अथवा संमती, आणि फिदूकिआ अथवा भरवसा, त्यांपैकी पहिल्या दोहोंशी 'कळणे' आणि 'पटणे' बिनतक्रार जुळतात. तिसऱ्याशी 'वळणे' जुळत नाही. ते पश्चात्तापाला, दिशा बदलण्याला अधिक जवळचे आहे. तिसऱ्यासाठी मराठीत 'विसंबणे' हे जुने आणि नेमके क्रियापद आहे, आणि बोलीत 'भरवसा'. लेखकाच्या संग्रामपूर भागातील वऱ्हाडी बोलीत 'मले पटलं, पन त्याचा भरोसा नाई' हे वाक्य कोणाच्याही तोंडी सहज येईल. ते बोलणाऱ्याला आपण आस्सेन्सुस आणि फिदूकिआ यांतील भेद सांगत आहोत याची जाणीव नसते. पण भेद त्याला पक्का ठाऊक असतो.

'विश्वास' हा शब्द स्वतः मात्र दोन्ही बाजूंना ओढला जातो, आणि त्याची ओढ कोणत्या बाजूला आहे हे त्याच्या सोबतच्या क्रियापदावरून कळते. 'उद्या पाऊस पडेल असा मला विश्वास वाटतो' : येथे विधान आहे, 'असा' आहे, आणि अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. 'त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला' : येथे विश्वास कर्ता आहे, तो आपण होऊन बसतो, पुरावा पुरेसा झाला की बसतो, कमी पडला की बसत नाही. 'मी त्याच्यावर विश्वास ठेवला' : येथे माणूस कर्ता आहे. 'मी त्याच्यावर विश्वास टाकला' : येथे तर स्वतःजवळची वस्तू दुसऱ्याच्या हवाली करावी तसा भाव आहे. आज्ञार्थ लावून पाहिले की फरक उघड होतो. 'विश्वास ठेव' असे आपण म्हणतो, 'विश्वास टाक' असेही म्हणता येईल. 'तुझा विश्वास बसू दे' ही विनवणी झाली, आज्ञा नव्हे. 'तुला विश्वास वाटो' हा तर आशीर्वाद झाला. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील तुरुंगाधिकारी तरण्यासाठी काय करावे असे विचारतो, तेव्हा पौल आणि सीला त्याला उत्तर देतात ते आज्ञार्थात. मराठीत त्या स्थळी 'ठेवणे' हे क्रियापद आल्यावाचून वाक्यच होत नाही. बसणारा आणि वाटणारा विश्वास तेथे चालत नाही.

यावरून 'केवळ संमती' हा पक्ष बाद झाला असे कोणी म्हणू नये. मराठीची घडण हा मूळ ग्रीकविषयीचा पुरावा होऊ शकत नाही. म्हणून ग्रीककडे जावे लागते.

ग्रीकमध्ये 'पिस्तिस' हे नाम आणि 'पिस्तेउएइन' हे क्रियापद. नव्या करारात क्रियापदाच्या मुख्यतः तीन रचना आढळतात. एक, 'होति' या अव्ययाने जोडलेले वाक्य, म्हणजे आपले 'असे' अथवा 'की'. दुसरी, चतुर्थीतील व्यक्ती किंवा वचन : अमक्याचे खरे मानणे. तिसरी, 'एइस' या शब्दयोगी अव्ययासह द्वितीया : शब्दशः 'अमक्याच्या आत', 'अमक्याकडे'. ही तिसरी रचना ख्रिस्तपूर्व ग्रीक गद्यात जवळजवळ आढळत नाही, आणि योहानाच्या शुभवर्तमानात ती तीसहून अधिक वेळा येते. विशेष हे की त्या शुभवर्तमानात 'पिस्तिस' हे नाम एकदाही नाही. सारा भर क्रियापदावर आहे. एवढे पाहून अनेक भाष्यकार असा निष्कर्ष काढतात की 'होति' म्हणजे संमती आणि 'एइस' म्हणजे तारक विश्वास. लॅटिन परंपरेत ऑगस्टीनने देव आहे असे मानणे, देवाचे मानणे आणि देवावर विश्वास ठेवून त्याच्याकडे जाणे असा जो त्रिविध भेद केला, त्याचाही या निष्कर्षाला आधार मिळतो.

निष्कर्ष आकर्षक आहे, पण जसाच्या तसा टिकत नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायात अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांनी 'एइस' विश्वास ठेवला असे म्हटले आहे. तथापि सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भयाने ते तो प्रकट करीत नव्हते. दुसऱ्या अध्यायात तर रचनेचा खेळच आहे. चिन्हे पाहून पुष्कळांनी येशूच्या नावावर 'एइस' विश्वास ठेवला; परंतु येशूने स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही. दोन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे. त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, त्याने त्यांच्यावर टाकला नाही. उलट बाजूने पाहिले तर 'होति' ही रचना काही कमी प्रतीची नाही. त्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायाच्या शेवटी ग्रंथलेखनाचा हेतू सांगितला आहे तो 'होति' याच रचनेने, आणि त्या मानण्याचे फळ म्हणून जीवन सांगितले आहे. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात देवाने येशूला मेलेल्यांतून उठविले असे अंतःकरणात मानणाऱ्याला तारण सांगितले आहे, तेथेही 'होति'. आणि अंतःकरण म्हणजे भावनेचे स्थान आणि डोके म्हणजे विचाराचे, अशी आपली आजची वाटणी तेथे लावता येत नाही. इब्री परंपरेत अंतःकरण हे विचाराचेही स्थान आहे.

तेव्हा ग्रीक व्याकरणाने एवढेच सिद्ध होते की विधान मानणे आणि व्यक्तीवर विसंबणे या दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदाच्या पोटात नांदतात, आणि नव्या कराराचे लेखक त्यांना वेगळे करण्याची तसदी घेत नाहीत. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात देवाजवळ जाणाऱ्याने देव आहे असे मानले पाहिजे आणि त्याला शोधणाऱ्यांना तो प्रतिफळ देतो असेही मानले पाहिजे, असे म्हटले आहे. जवळ जाणे हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. संमती आहे, पण ती चालत्या माणसाची आहे.

व्युत्पत्तीच्या प्रमाणांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्याकडे त्यांचा मोह फार. 'विश्वास' हा 'वि' उपसर्गपूर्वक 'श्वस्' धातूपासून. मोकळा श्वास घेणे, निर्धास्त असणे. यावरून विश्वास म्हणजे भरवसाच, असे सांगण्याची प्रवचनकारांना सवय असते. 'श्रद्धा' हा शब्द त्याहून मनोरंजक आहे. लॅटिन 'क्रेदो', ज्यावरून ख्रिस्ती मतांगिकाराला क्रीड हे नाव पडले, आणि संस्कृत 'श्रद्धा' हे दोन्ही एकाच मूळ इंडो-युरोपीय संयोगापासून आलेले सगोत्र शब्द होत, हे तौलनिक भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. त्यातील पूर्वपद हृदयवाचक आहे असे पुष्कळ तौलनिक अभ्यासक मानतात, जरी काहींना ते मान्य नाही. आपली निघण्टूची परंपरा मात्र 'श्रत्' हे सत्याचे नाम म्हणून देते. म्हणजे एका मताने श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणे, दुसऱ्या मताने सत्य म्हणून ठेवणे : भरवसा आणि संमती! ख्रिस्ती जगाचा वाद आपल्या एका शब्दाच्या व्युत्पत्तीत असा गोठून बसलेला पाहून गंमत वाटते. परंतु त्यातून सिद्ध काहीच होत नाही. जेम्स बार याने १९६१ साली बायबलच्या अर्थविचारावरील आपल्या ग्रंथात 'विश्वास' आणि 'सत्य' या शब्दांवर एक पूर्ण प्रकरण खर्च करून दाखवून दिले की इब्री धातूचा मूळ अर्थ 'दृढ असणे' आहे म्हणून विश्वास या शब्दातही प्रत्येक ठिकाणी दृढतेचा अर्थ वाचणे ही चूक होय. शब्दाचा अर्थ त्याच्या कुळात नसतो, उपयोगात असतो. हीच कसोटी 'विश्वास' आणि 'श्रद्धा' यांनाही लावली पाहिजे.

उपयोगाच्या दृष्टीने गोव्याचा पुरावा अधिक मोलाचा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे प्रथम छापले गेले. या परंपरेने विश्वासासाठी 'भावार्थ' हा शब्द पत्करला आणि श्रद्धावंताला 'भावार्थी' म्हटले. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत हे शब्द आजही त्याच अर्थाने रूढ आहेत. मराठीत 'भावार्थ' म्हटले की आज आपल्याला कवितेचे सार आठवते, आणि 'भाव' म्हटले की संग्रामपूरच्या बाजारात प्रथम कापसाचा दर आठवेल; पण संतवाङ्मयात वाढलेल्या वाचकाला 'भाव' या शब्दाने भक्ताच्या मनाची एकाग्र, निष्कपट अवस्था सुचत असे, आणि स्टीफन्स त्याच वाचकासाठी ओवी लिहीत होता. नामाच्या बाबतीत त्याने बुद्धीच्या संमतीपलीकडचे टोक पकडले असे म्हणावयास हरकत नाही. परंतु क्रियापदाची गोष्ट वेगळी. कोकणी मतांगिकारात 'मी विश्वास ठेवतो' या ठिकाणी 'सतमानतां' असे क्रियापद आहे : सत् मानतो, खरे धरतो. एकाच धर्मशिक्षणात नाम भावाचे आणि क्रियापद सत्यतेचे, अशी ही जोडी चार शतके निर्वेधपणे चालत आली आहे. 'भावार्थ' असलेला माणूस 'सतमानता', यात बोलणाऱ्याला विसंगती वाटत नाही. प्रस्तुत प्रश्नाचे हे कदाचित सर्वांत स्वाभाविक उत्तर असेल, आणि ते कोणी मुद्दाम घडविलेले दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकातील प्रोटेस्टंट मराठीने 'विश्वास' हा एकच शब्द दोन्ही कामांना लावला. त्यामुळे भेद शब्दात राहिला नाही. तो माणसांच्या चरित्रांत दिसू लागला. त्या काळच्या महाराष्ट्रात मते पटणे फार महाग नव्हते. मुंबईत १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेचे सभासद मूर्तिपूजा आणि जातिभेद असत्य मानीत, एकत्र जमून परजातीच्या हातचा पाव खात. आणि हे सारे गुप्तपणे. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीस जाऊन नावे फुटण्याची वेळ आली तेव्हा सभा विसर्जित झाली. योहानाच्या बाराव्या अध्यायातील अधिकाऱ्यांची येथे आठवण होते. या सभेत काही काळ वावरलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावास बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राचे नावच सांगते की हा उजेड एकदम पडला नाही. ख्रिस्ती मत खरे आहे असे वाटू लागणे आणि प्रत्यक्ष पाऊल टाकणे यांच्यामध्ये बराच काळ गेला.

तथापि या संपूर्ण प्रश्नावर सर्वांत स्वच्छ प्रकाश टाकणारी साक्ष पंडिता रमाबाईंची (१८५८-१९२२) आहे. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या त्या निर्णयामागे नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा आणि पत्रांचा वाटा मोठा होता. गोरे म्हणजे काशीचे नीळकंठशास्त्री. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले आणि हिंदू दर्शनांच्या खंडनाचा ग्रंथ १८६० साली हिंदीत लिहिणारे कसलेले तार्किक. रमाबाई संस्कृत पंडिता. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांतच वाढलेल्या. त्यांची संमती स्वस्त नव्हती. बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, अथानासियाचा मतांगिकार यांविषयी जो पत्रव्यवहार केला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेला आहे. बायबलमध्ये जे आपल्याला आढळत नाही त्याला केवळ चर्च सांगते म्हणून संमती देण्यास त्या तयार नव्हत्या, आणि एवढ्यासाठी हिंदुस्थानी पंडितांची गुलामगिरी सोडून इंग्रज पाद्र्यांची पत्करणार नाही असा त्यांचा एकंदर सूर आहे. पत्रे वाचताना जेराल्डिनबाईंविषयी थोडी सहानुभूतीही वाटते. त्यांना शिष्या हवी होती, वादी मिळाली.

पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी मागे वळून पाहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, आणि तो आपल्याला पुरेसा चांगलाही वाटत होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. हा बदल घडविण्यात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मचरित्राच्या वाचनाचा भाग होता, असेही त्या नमूद करतात. आता या आठ वर्षांचे काय करावयाचे? सँडेमनच्या व्याख्येप्रमाणे रमाबाई १८८३ मध्येच विश्वासी होत्या, आणि नंतरचा अनुभव हा केवळ समाधानाचा. त्यांच्या स्वतःच्या मते तसे नव्हते. येथे एक गोष्ट मात्र निसटता कामा नये. त्या आठ वर्षांत रमाबाई निष्क्रिय नव्हत्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन, पुढल्या वर्षी ते पुण्यास : हे सारे त्याच काळातले. संमतीही होती आणि कर्मही होते. म्हणजे याकोबाचे पत्र वाचून 'संमती अधिक सत्कर्म म्हणजे तारक विश्वास' असे जे समीकरण काही जण मांडतात, तेही रमाबाईंच्या साक्षीपुढे उभे राहत नाही. त्यांना जे उणे वाटले ते ना विधान होते, ना कृती. ते विसंबणे होते.

नेहेम्या गोरे यांचे उदाहरण याच्या अगदी उलट. त्यांच्या चरित्रावरून दिसते की बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही; ज्या तर्काने त्यांना ख्रिस्ती केले तोच तर्क वारंवार त्यांच्यावर उलटे. तरीही १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते व्रतस्थ, दरिद्री, प्रार्थनाशील ख्रिस्ती म्हणूनच राहिले. त्यांची संमती डळमळे. विसंबणे सुटले नाही. ज्यांच्या युक्तिवादाने रमाबाईंना संमती मिळाली, त्या माणसाजवळ स्वतः संमतीहून वेगळे असे काही टिकून होते, हा योग लक्षणीय आहे. नारायण वामन टिळक या दोघांहून निराळ्या वाटेने, १८९५ मध्येच, बाप्तिस्म्यापर्यंत पोचले. त्यांच्या बाबतीत भक्तिमार्गाचा संस्कार इतका प्रबळ होता की संमती आणि समर्पण यांतील फट त्यांच्या लेखनात फारशी दिसतच नाही.

यावर 'केवळ संमती' पक्षाचे एक बलवत्तर उत्तर आहे आणि ते टाळणे योग्य होणार नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ गॉर्डन क्लार्क याने १९८३ मधील आपल्या पुस्तकात असा मुद्दा मांडला की भरवसा हा संमतीहून वेगळा तिसरा घटक नव्हेच. एखाद्या व्यक्तीवर भरवसा ठेवणे म्हणजे त्या व्यक्तीविषयीच्या काही विधानांना संमती देणे. वैद्यावर माझा भरवसा आहे, याचा अर्थ वैद्य कुशल आहे आणि तो मला बरा करील ही विधाने मी खरी मानतो, एवढाच. मग फिदूकिआ या शब्दाने अधिक काय सांगितले? भुतांविषयी तो म्हणेल की त्यांनी देव एक आहे एवढेच मानले. तारणाचे विधान त्यांनी मानलेले नाही.

मुद्दा चलाख आहे, आणि भुतांपुरता तो बराचसा मान्य करावा लागतो. याकोबाच्या त्या वचनात ख्रिस्ताचा उल्लेख नाही, केवळ एकेश्वरत्वाचा आहे. तेव्हा त्या एका वचनावर भरवशाचा सारा सिद्धान्त उभारणे घाईचे होईल. पण वैद्याच्या दाखल्यात क्लार्कचे म्हणणे आपल्या भाषेला पटत नाही. वैद्य कुशल आहे हे पटले, तो मला बरा करील हेही पटले, आणि तरी मी शस्त्रक्रियेच्या मेजावर आडवा होत नाही, ही अवस्था मराठी बोलणाऱ्याला परिचित आहे. क्लार्क म्हणेल, मग तुला ते खऱ्या अर्थाने पटलेलेच नाही. असे म्हणता येते. परंतु त्या क्षणी 'पटणे' याची व्याख्याच बदलून त्यात आडवे होणे अंतर्भूत केलेले असते. शब्द संमतीचा राहतो, आशय भरवशाचा होतो. वाद जिंकला जातो तो परिभाषेत.

रोमन कॅथलिक परंपरेने हाच प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये, दयेवरील भरवसा म्हणजेच तारक विश्वास, अन्य काही नाही, या मताचा निषेध केला. त्याचबरोबर आशा आणि प्रीती यांवाचूनचा विश्वास मनुष्याला ख्रिस्ताशी पूर्णपणे जोडीत नाही असेही सांगितले. म्हणजे नुसता भरवसाही नव्हे आणि नुसती संमतीही नव्हे. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने प्रकट झालेली सत्ये देवाच्या अधिकारावर खरी मानणे यावर भर दिला. १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रकटीकरणाविषयीच्या घटनापत्रात मनुष्य आपल्या स्वतःला संपूर्णपणे देवाच्या स्वाधीन करतो हे विश्वासाच्या वर्णनात पुढे आणले, संमतीही तेथे ठेवलीच. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरविण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा चार शतकांच्या या भांडणातील पुष्कळ भाग एकमेकांचे शब्द वेगळ्या अर्थी वापरल्यामुळे वाढला होता, हे दोन्ही बाजूंनी बऱ्याच अंशी मान्य केले असे म्हणता येईल.

राहता राहिला अनुवादकाचा प्रश्न, आणि मराठीत तो आजही संपलेला नाही. रमाबाईंनी उत्तर आयुष्यात ग्रीक आणि इब्री शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर एकटीने केले. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस ते हातावेगळे झाले आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात छापून निघाले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा त्यांना नको होती. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळेल असे पुस्तक त्यांना हवे होते. अशा वाचकापुढे याकोबाचे ते वचन ठेवताना अनुवादकाला मोह होतो की भुतांसाठी 'मानणे' म्हणावे आणि अब्राहामासाठी 'विश्वास ठेवणे'. तसे केले की पेच चुटकीसरशी सुटतो : भुते मानतात, अब्राहाम विश्वास ठेवतो, पौल आणि याकोब यांचे भांडणच उरत नाही. परंतु ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे, आणि याकोबाच्या उपरोधाचा सारा दंश त्या एकपणातच आहे : जो शब्द तू अभिमानाने स्वतःला लावतोस, तोच भुतांनाही लागतो. अनुवादकाने येथे वाचकासाठी वाद सोडवून ठेवला, तर वाचकाला तो वाद होता हेच कधी कळणार नाही. 'विश्वास' हा शब्द दोन्ही ठिकाणी तसाच ठेवणे अवघड आहे, खेड्यातील वाचकाला तो क्षणभर अडखळवील. माझ्या मते तो तसाच ठेवला पाहिजे.